गेरूचा गोल

तुमच्या शहरातल्या भिंतींचे फोटो पोचले. चार मजली इमारतीवर पसरलेला निळा देवमासा, पुलाच्या खांबांवरचे डोळे, आणि सुटीच्या दिवशी नकाशा हातात घेऊन ते बघत हिंडणारी माणसं. "आजी, महाडला असं काही आहे का?" असं तुम्ही विचारलंत आणि मी फोनवर सरळ "नाही" म्हणून टाकलं. मग भाजी निवडताना आठवलं की तुमचे आजोबा आणि मी एकदा सबंध शनिवार महाडच्या आणि पोलादपूरच्या भिंती बघण्यात घालवला होता. हातात नकाशा नव्हता आणि हौसही नव्हती. एका भिंतीवरच्या खुणेचा आम्हांला संशय आला होता, आणि त्या खुणेवर एका बाईचं घर अवलंबून होतं.

ती बाई म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. मी त्यांना वन्सं म्हणायचे. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. पोलादपूरला, मुंबई-गोवा रस्त्याला लागून त्यांचं चिऱ्याचं, पुढून चुना फासलेलं, कौलारू, साधं घर होतं. यजमान गेल्यावर त्या एकट्याच तिथे राहत. मूलबाळ नव्हतं. ओटीवर शिवणाचं मशीन ठेवलेलं असे. वरच्या वाड्यांमधल्या बायका बाजाराच्या दिवशी उतरल्या की चोळ्यांची, परकरांची कापडं तिथे टाकून जात आणि पुढच्या खेपेला शिवलेले कपडे घेऊन जात. त्या बायकांना पोलादपुरात दुसरं कुठलं घर माहीत असो नसो, वन्संची ओटी माहीत होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तुमची आई पुण्याला हॉस्टेलवर राहत होती. एका शुक्रवारी वन्संचा फोन आला. टपरीवरून बोलत होत्या, त्यामुळे मागे ट्रकचे आवाज.

"वहिनी, आमच्या भिंतीवर खूण केलीये."

"कसली?"

"लाल. गोल आहे आणि गोलात बाण. सगळ्या आळीवर केलीये."

"कुणी?"

"ते कळलं असतं तर तुम्हांला फोन कशाला केला असता?"

हळूहळू सगळं समजलं. त्या आठवड्यात रस्त्यावर एक जीप थांबली होती. दोन माणसं उतरली, टेप धरून एकेका घराची दर्शनी भिंत मोजली, काहीतरी टिपून घेतलं आणि कुणाशी अक्षरही न बोलता निघून गेली. त्यानंतर एका दुपारी, आळी झोपलेली असताना, प्रत्येक भिंतीवर हा गोल उमटला. रस्ता रुंद होणार ही बातमी मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या भागात जिवंत होती. आता ती भिंतीवर येऊन बसली. बाण आडवा, भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडे होता, म्हणजे तिथपर्यंत पाडणार, असा अर्थ आळीने लावला.

"आणि मुंबईहून आमच्या ह्यांच्या पुतण्याचा इथे टपरीवर फोन आला," वन्सं म्हणाल्या. "म्हणतो, काकी, पाडल्यावर हातात काही लागणार नाही, आत्ताच विकून टाक. समोरचा हॉटेलवाला घ्यायला तयार आहे. रविवारी दुपारी दोघं येतायत. मला शब्द द्यावा लागेल."

वन्संनी एकदा शब्द दिला की तो फिरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. घर गेलं असतं आणि त्या आमच्याकडे महाडला, मागच्या खोलीत राहायला आल्या असत्या. मला प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते. वन्संची कात्री त्यांनी शेवटची जिथे वापरली तिथे सापडायची, कधी पोळपाटावर, कधी देवासमोर. आम्हां दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं आणि ते अंतरावरूनच टिकेल हे दोघींनाही माहीत होतं.

फोन ठेवल्यावर मी आजोबांना म्हटलं, "पुतण्याला मुंबईत बसून खुणेचं कसं कळलं?"

"कुणीतरी सांगितलं असेल."

"कुणीतरी म्हणजे हॉटेलवाल्यानेच. आणि पाडायचंच असलेलं घर तो विकत कशाला घेतोय?"

"मागचं परसू खोल आहे. पुढचं गेलं तरी मागे ट्रक उभे करता येतील." आजोबांना प्रत्येक माणसाच्या वागण्याचं एक निरुपद्रवी कारण सापडायचं. मला ते कारण ऐकून आणखी संशय यायचा.

शनिवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून पोलादपूरला गेलो. खूण मी जवळून पाहिली. ताटाएवढा गोल, आत बाण. मी बोट लावलं तर बोट लाल झालं. गेरू होता, पाण्यात कालवलेला.

"सरकार गेरूने खुणा करतं?" मी म्हटलं. "मैलाचे दगड तैलरंगाचे असतात."

"रंग संपला असेल," आजोबा म्हणाले.

वन्संनी माझा हात मागे ओढला. "वहिनी, पुसेल ना ते. पुसलं तर दंड आहे म्हणतात."

शेजारचे गृहस्थ दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर होते. त्यांनी आपल्या भिंतीवरच्या गोलावर पत्र्याचा तुकडा आडवा ठोकला होता, कोंबड्यांनी अंग घासू नये आणि पावसाची सर आली तर खूण धुवून जाऊ नये म्हणून. ते ओटीवर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले होते. आम्हांला बघून खाली आले आणि आजोबांना बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही बाहेरचे आहात म्हणून सांगतो. पलीकडच्या घराचा बाण बघा. आमच्यापेक्षा बोटभर आखूड आहे. त्यांचा जावई तालुक्याला असतो."

पलीकडच्या घरातली बाई धुणं वाळत घालता घालता ऐकत होती. ती म्हणाली, "आमचा बाण आखूड कारण आमची भिंत आखूड. तुम्ही मोजणीच्या दिवशी त्या जीपवाल्यांना पाणी पाजलंत, ते सांगा की."

"तहानलेल्याला पाणी पाजू नये काय?"

"पाजावं. पण फ्रीजमधलं?"

आळीत एकमेकांकडे साखर मागायला जाणारी ही माणसं, आठवडाभरात एकमेकांचे बाण मोजायला लागली होती.

तेवढ्यात दूध घालणारी बाई आली. वरंधच्या बाजूला डोंगराच्या माथ्यावर तिची वाडी होती. तिथून म्हशीचं दूध घेऊन ती जीपने खाली यायची. तिने भिंतीकडे पाहिलं आणि किटली खाली ठेवली.

"ह्यो गोल आमच्याकडं पन हाय, बाय."

"वाडीत?" मी विचारलं.

"वाडीत नाय गो. खाली, घाटाच्या वळनावर म्होटा धोंडा हाय ना, त्यावं. परवाच्याला दिसला."

"धोंड्यावर? तिथे घर ना दार, काय पाडणार?"

"पाडायचं नाय. धरान होनार हाय. वाडी पान्यात जानार आमची."

आजोबा म्हणाले, "अगं, तुमची वाडी डोंगराच्या डोक्यावर. पाणी तिथवर चढेल कसं?"

"सरकारनं ठरवलं तं चढंल," ती म्हणाली आणि दूध मापू लागली.

वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी भांडं पुढे केलं आणि मला म्हणाल्या, "बघितलंत ना, वहिनी. सगळीकडे केलंय." पण माझ्या डोक्यात तो धोंडा अडकला. घरं पाडायची असोत की धरण बांधायचं असो, एकाच खुणेने दोन्ही कशी होतील? मुंबईला शाळेत असताना आमच्या इंग्रजीच्या बाईंनी सवय लावली होती की गोष्ट समजत नसेल तर आधी जे दिसतंय तेवढंच मांडा. मी मांडलं: भिंत आणि धोंडा. दोन्हींमध्ये सारखं काय, ते मात्र सुचेना.

परत येताना मी आजोबांना स्कूटर हळू चालवायला सांगितली आणि पहिल्यांदाच त्या रस्त्याच्या कडेला काय काय लिहिलंय, काढलंय ते नीट बघितलं. रोजच्या रस्त्यावर माणूस काही बघत नाही. एका मोरीच्या कठड्यावर तो गोल होता. बंद पडलेल्या वीटभट्टीच्या खोपटावर होता. वळणावरच्या एका गोठ्याच्या मागच्या भिंतीवर होता. गोठ्यापाशी एक म्हातारा उभा होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "बैलांचं टॅक्स लावनार हायत." ज्याला ज्याची भीती, त्याला त्या गोलात तेच दिसत होतं. आणि मला त्यात हॉटेलवाला दिसत होता.

महाडला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. बाजारपेठेच्या तोंडाशी भाताची गिरण होती. तिच्या लांबलचक भिंतीवर दंतमंजनाची नवीकोरी जाहिरात रंगवलेली होती. निळ्या पार्श्वभूमीवर एक बाई हसत होती, दात तांदळासारखे. मी आजोबांच्या पाठीवर थाप मारून स्कूटर थांबवली. निळा रंग जिथे संपत होता तिथे, बाईच्या खांद्याखाली, गेरूची एक लाल कोर बाहेर डोकावत होती. बाकीचा गोल निळ्या रंगाखाली गेला होता.

आजोबा स्कूटरवरून उतरून भिंतीजवळ गेले. मग म्हणाले, "हं."

जेवण झाल्यावर त्यांनी झोपायचं ठरवलं होतं. मी त्यांना झोपू दिलं नाही. आम्ही चालत निघालो, आधी पेठेची डावी बाजू, मग उजवी, मग तळ्याकडच्या गल्ल्या. त्या दिवशी मी ज्या गावात इतकी वर्षं राहिले ते गाव परक्यासारखं पाहिलं.

तुम्हांला सांगते, महाडच्या भिंतींवर सगळ्यात जुनी चित्रं पाण्याची आहेत. सावित्रीला पूर आला की पेठेत पाणी शिरतं, आणि ओसरलं की दुकानदार आपल्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं तिथे रेघ मारून वर्ष लिहितो. एका ओळीतल्या दोन दुकानांच्या रेघा एकाच पुराच्या, तरी एकीपेक्षा दुसरी वर. कापडवाल्याची रेघ दाण्याच्या दुकानाच्या रेघेपेक्षा हातभर उंच होती. मी विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडे पाणी जास्त होतं." दाणेवाला आतून ओरडला, "त्याच्याकडे पाणी उशीवर चढून बसलं होतं."

केशकर्तनालयाबाहेर सिनेमातले नायक रंगवलेले होते, पण ते सगळे एकमेकांचे भाऊ दिसत. दवाखान्याच्या कुंपणावर छोट्या कुटुंबाचं चित्र होतं, त्यातल्या बापाला कुणीतरी कोळशाने मिशा काढल्या होत्या. शाळेच्या भिंतीवर साक्षरतेची मोहीम: पाटी घेऊन बसलेली आजीबाई. एका बोळात लोकांनी आडोशाला उभं राहू नये म्हणून देवांच्या फरशा बसवलेल्या, आणि शेजारी, देवांवर भरवसा नसल्यासारखी, काळ्या अक्षरांत दंडाची धमकी. निवडणुकीच्या चिन्हांवर चुना फिरवलेला, तरी खालून पाकळ्या आणि बोटं दिसत होती. आणि लग्नघरांच्या दारांभोवती हत्ती, केळीचे खांब, गुलाबदाणी घेतलेल्या दोन बायका, वधूवरांची नावं पावसाने अर्धी खाल्लेली.

गुलाबदाणीवाल्या बाईसमोर मी थांबले. तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित लहान होता. गिरणीवरच्या दंतमंजनवालीचाही. मी परत मागे गेले आणि छोट्या कुटुंबातली आई पाहिली, पाटीवाली आजीबाई पाहिली. चौघींचा डावा डोळा लहान.

"हे सगळं एकाच माणसाचं काम आहे," मी म्हटलं.

"बरं मग?"

"मग तो सापडला पाहिजे."

तो सापडायला वेळ लागला नाही. केशकर्तनालयवाल्यानेच त्याचं घर दाखवलं, तळ्यामागच्या गल्लीत. दाराशी रंगाचे डबे, सुतळी, बांबूची शिडी. पेंटर अंगणात बसून एका टेंपोच्या फळीवर मोर काढत होता. आम्हांला पाहून त्याने ब्रश खाली ठेवला आणि आजोबांच्या चपलांकडे, मग माझ्या पर्सकडे पाहिलं.

"कुठल्या खात्यातून आलात?"

"कुठल्याच नाही," आजोबा म्हणाले.

"नगरपालिकेचा कर मी भरलाय. गिरणीच्या भिंतीचं मालकाला विचारा, मला नका विचारू."

"आम्ही पोलादपूरच्या भिंतींचं विचारायला आलोय," मी म्हटलं. "तिथे गोल तुम्ही काढलेत?"

तो लगेच हो म्हणाला नाही. "कुणी तक्रार केली?"

"तक्रार नाही. ते कसले आहेत एवढंच सांगा."

"जाहिरातीच्या बुकिंगचे. मुंबईची पार्टी आहे, त्यांची माणसं जीपने येऊन भिंती मोजून गेली. फुटावर रेट असतो. मग मी गेरूचा गोल मारून येतो. रस्त्यावरून दिसणारी भिंत असो नाहीतर धोंडा, गोल मारला म्हणजे ती जागा माझी, दुसऱ्या पेंटरने हात लावायचा नाही. बाण म्हणजे गाडी त्या बाजूने येणार, चित्राचं तोंड तिकडे."

"आणि घरमालकाला विचारायचं नाही?"

"विचारलं की गेलं काम. आधी तो शंभर प्रश्न विचारतो, मग त्याचा मेव्हणा विचारतो, मग ते म्हणतात आमच्या पोराचं नाव कोपऱ्यात टाका. त्यापेक्षा आमची पद्धत बरी. गोल मारायचा आणि आठवडाभर थांबायचं. ज्याला नको तो ओलं फडकं मारून पुसून टाकतो. नाही पुसला तर समजायचं, हो आहे. ह्या पेठेत विचारा कुणालाही. दहात सात जण पुसतात."

"पोलादपूरला?"

त्याचा चेहरा उजळला. "पोलादपूरला मी पहिल्यांदाच काम घेतलं. तिकडचा पेंटर मुंबईला गेला. आणि काय सांगू बाई, अख्ख्या आळीत एकानेही पुसला नाही. एकाने तर वरून पत्रा ठोकलाय, खराब होऊ नये म्हणून. एवढी चांगली माणसं मी बघितली नव्हती."

आजोबांना हसू आवरेना. पेंटरला ते का हसतायत ते सांगितलं तर तो हसला नाही. "घाबरून? गोलाला?" म्हणाला. "मग मी आता रंगवायला जाऊ की नको? मारणार तर नाहीत ना?" त्याची बायको पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. तिचा डावा डोळा पाहून मी पेल्याकडे नजर वळवली.

रविवारी सकाळी आम्ही वन्संच्या ओटीवर होतो. मी सगळं क्रमाने सांगितलं. वन्सं दातांत दोरा धरून ऐकत होत्या. दोरा तोडून म्हणाल्या, "पेंटर म्हणाला म्हणजे झालं?"

"त्याचा गोल मी त्याच्याच चित्राखाली पाहिलाय, वन्सं."

"असेल. पण त्याने सरकारचं काम घेतलं नसेल कशावरून? सरकार काय स्वतः ब्रश धरतं?"

साक्षरतेची पाटीवाली आजीबाई आणि ते छोटं कुटुंब, दोन्ही त्याच माणसाने सरकारसाठीच रंगवली होती. तो आमच्याशी खोटं बोलला नसेल हे मला वाटत होतं, माहीत नव्हतं. आणि आमच्या वाटण्यावर वन्संनी हॉटेलवाल्याला नाही म्हणायचं आणि उद्या खरंच बुलडोझर आला तर? आजोबा म्हणाले, "ताडून बघायचं तर एकच मार्ग आहे. पुसायचं."

"आणि दंड?"

"मी भरीन."

"जेलात पण तूच जाशील का, दादा?" वन्सं म्हणाल्या. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या, गोलाकडे बघून परत येऊन मशीनवर बसल्या. दोनदा असं झालं. कापड सुईखाली होतं, पण मशीनचं चाक काही फिरलं नाही.

दुपारी पुतण्या आला. पायांत बूट, खिशाला दोन पेनं, बोलण्यात मुंबई. बरोबर समोरचा हॉटेलवाला, पांढराशुभ्र शर्ट, फार नम्र. आम्हांला बघून पुतण्या थोडा थबकला.

"मामा, मामी, तुम्ही पण? अच्छा झालं. काकीला जरा समजवा. ती उगाच टेन्शन घेते."

"ती नाही घेत," मी म्हटलं. "तुला मुंबईत कळलं कसं रे, इतक्या लवकर?"

"कळतं, मामी. आपली माणसं असतात सगळीकडे." त्याने हॉटेलवाल्याकडे पाहिलं नाही, आणि नेमकं तेच माझ्या लक्षात राहिलं.

चहा झाला. पुतण्या म्हणाला, "काकी, प्रॅक्टिकली विचार कर. तुझं वय होतंय. इथे एकटी. हे साहेब चांगला भाव देतायत. तू फक्त हो म्हण, बाकी सगळं मी बघतो."

वन्संनी हॉटेलवाल्याला विचारलं, "ही खूण कुणाची आहे हो?"

"आता ताई, सगळ्या आळीला माहीत आहे."

"आळीला नाही विचारलं. तुम्हांला विचारलं."

"सरकारचीच म्हणायची."

"म्हणायची की आहे?"

तो हसला आणि कपातला उरलेला चहा प्यायला. कपात चहा उरलेला नव्हता, हे मी पाहिलं होतं.

वन्सं उठल्या. मशीन पुसायचं फडकं त्यांनी बादलीत बुडवलं.

"ताई, पुसू नका," हॉटेलवाला म्हणाला.

"का?"

"उगाच कशाला. दंड होईल."

"काकी, लफडं होईल," पुतण्या म्हणाला. "पोलीस केस होते त्याची."

वन्संनी आजोबांकडे पाहिलं. "दादा?"

"तुझं घर आहे," आजोबा म्हणाले. मला त्यांचा राग आला. मला वाटलं त्यांनी पूस म्हणावं, ठामपणे. पण आता वाटतं, त्यांनी ते म्हटलं असतं तर पुढे काहीही झालं तरी वन्संना त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

शेजारून कंपाउंडर म्हणाले, "आधी विचारून तरी घ्या कुणाला."

"कुणाला विचारू?" वन्संनी विचारलं. त्यांनी फडकं भिंतीवर ठेवलं आणि वरून खाली ओढलं. गेरू पाण्याबरोबर ओघळला, त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. त्यांनी फडकं पिळलं, परत पुसलं. बाण गेला, मग गोल. भिंतीवर फिकट गुलाबी डाग राहिला. रस्त्यावरून एक ट्रक गेला. दुसरं काही झालं नाही.

वन्सं हात धुवून ओटीवर आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "मी घर देणार नाही. सरकार आलं तर सरकारशी बोलीन. तुम्ही परत विचारू नका, मला परत नाही म्हणायला आवडत नाही."

हॉटेलवाला चपला घालताना म्हणाला, "विचार बदलला तर आहेच मी समोर." पुतण्या मागे राहिला. भिंतीपाशी जाऊन डागावर बोट फिरवून आला. "मला खरंच वाटलं होतं गं, काकी," म्हणाला.

"असेल," वन्सं म्हणाल्या. "जेवून जा."

तो जेवून गेला. त्याला खरंच वाटलं होतं की नाही ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तो पुढेही यायचा, काकीसाठी मुंबईहून दोऱ्याची रिळं आणायचा, आणि प्रत्येक रिळाबरोबर मला वाटायचं, हे कशासाठी.

निघताना मी रस्त्यापलीकडे पाहिलं. हॉटेलच्या बाजूच्या भिंतीवर, कोपऱ्यात, तसाच एक फिकट गुलाबी डाग होता. मी आजोबांना कोपराने ढोसलं. "त्याने स्वतःचा गोल केव्हाच पुसलाय. त्याला माहीत होतं."

आजोबा डोळे बारीक करून बघत राहिले. "पानाची पिचकारीही असेल."

"इतकी गोल?"

"जाऊन विचारू का?"

वन्सं मागून म्हणाल्या, "नको. विचारलंत तर तो उत्तर देईल, आणि मग ते उत्तर घेऊन मला त्याच्या समोर राहायचंय." त्यांचं बरोबर होतं, तरी मी त्या हॉटेलात पुन्हा चहा प्यायले नाही.

मंगळवारी पेंटर शिडी घेऊन पोलादपूरला गेला. वन्संनी पुसल्यानंतरही आळीत दुसऱ्या कुणी फडकं भिजवलं नव्हतं. आपल्याला शिक्षा झाली तर, ही भीती होतीच, आणि शिवाय त्यांना वाटत होतं की वन्संना शिक्षा होते की नाही ते आधी बघू. शिडीवरच्या माणसाला अडवायला कुणी धजावलं नाही, आणि आठवडाभरात सगळ्या आळीवर निळा रंग चढलेला होता आणि प्रत्येक घरावर ती बाई हसत होती. कंपाउंडरांचा पत्रा पेंटरने अलगद काढून त्यांच्या ओटीवर ठेवला होता आणि वर आभार मानून गेला होता. मधे फक्त वन्संची भिंत पांढरी राहिली.

मला वाटलं होतं की आता तरी सगळे हसतील. झालं उलटं. आपल्या सगळ्यांच्या भिंती गेल्या, हिचीच कशी वाचली? हिचा भाऊ महाडला असतो, वहिनी इंग्रजी शिकलेली, दोघं शनिवारी स्कूटरवर येऊन काहीतरी बघून गेले, रविवारी हिने बिनधास्त पुसलं. म्हणजे आतून ठरलेलं होतं. असं आळीने नक्की करून टाकलं.

महिन्याभराने मी गेले तेव्हा कंपाउंडर परसातले दोन नारळ घेऊन ओटीवर आले. बराच वेळ हवेबद्दल बोलले. मग आवाज खाली आणून वन्संना म्हणाले, "ताई, पुढच्या खेपेला आमचंही नाव घाला ना, वरती."

"वरती कुठे, भाऊ? ओलं फडकं मारलं मी. तुमच्या डोळ्यांदेखत."

"हो, हो. फडकं." त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, समजलेल्या माणसासारखी. "सांगायचं नसेल तर राहू द्या. आम्ही कुठे आग्रह करतोय."

नारळ ठेवून ते गेले. वन्संनी कात्री शोधायला सुरुवात केली. ती माझ्या पिशवीखाली होती. मी ती उचलून दिली. त्या घरात वन्सं पुढे कितीतरी वर्षं राहिल्या, वाडीवरच्या बायका कापडं टाकत राहिल्या. पण रस्त्यावर कुठलीही जीप थांबली, पंक्चर काढायला का होईना, की आळीतली माणसं आपापल्या निळ्या भिंतींपुढे बाहेर येऊन उभी राहत आणि आधी वन्संच्या ओटीकडे बघत, ही बाई आज फडकं भिजवते की नाही ते.